गरिबाच्या हातीं रोख पैसा



सगळीं सोंगें आणतां येतात, पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. शहरांतल्या माणसाला ती थट्टेची वाटते. महिन्याच्या पहिल्या तारखेस ज्याच्या घरीं पगार येतो, त्याला पैसा कमी पडतो. परंतु तो केव्हां येणार, येणार कीं नाहीं, ही चिंता त्याला सहसा पडत नाहीं. खेड्यांतील अल्पभूधारक कुटुंबाची गोष्ट निराळी आहे. तेथें वर्षाचें उत्पन्न थोडें असतें हें तर खरेंच. पण तें थोडेंसें उत्पन्नहि वर्षांतून एकदां किंवा दोनदां येतें आणि खर्च मात्र बाराहि महिने दारांत उभा असतो. सरकारनें अशा कुटुंबाच्या हातीं प्रत्यक्ष रोख पैसा ठेवला तर त्याच्या जीवनांत काय बदलतें आणि काय बदलत नाहीं, हा माझा आजचा विषय आहे. उदाहरणासाठीं मी मराठवाड्यांतील नांदेड व लातूर हे दोन जिल्हे घेणार आहें.

या दोन जिल्ह्यांतील शेती बहुतांशीं पावसाची आहे. गोदावरी नांदेडवरून वाहते, मांजरा लातूर जिल्ह्यांतून जाते. परंतु कंधार, मुखेड, अहमदपूर, जळकोट या बाजूच्या माळरानाला आणि बालाघाटाच्या उतारांना त्या पाण्याचा फारसा उपयोग नाहीं. पूर्वीं येथें ज्वारी, कापूस, तूर, मूग, उडीद हीं पिकें असत. गेल्या कांहीं दशकांत सोयाबीननें त्यांतलें बरेंच रान व्यापलें. मृग निघाला कीं बियाणें, खत आणि नांगरटीचें भाडें यांसाठीं पैसा लागतो. त्याच जून महिन्यांत मुलांच्या शाळा उघडतात. श्रावण-भाद्रपदांत खुरपणी व फवारणी येते, घरांतील धान्य त्याच सुमारास तळाला जातें आणि तापाच्या सांथीहि त्याच दिवसांत येतात. पैसा येतो तो दसरा-दिवाळीच्या सुमारास, माल बाजारांत गेल्यावर. आणि तो येतो तेव्हां दुकानदाराची उधारी, बियाणेंवाल्याची बाकी व सोयऱ्या-धायऱ्यांचे हातउसने त्याची वाट पाहत असतात. हातीं येण्यापूर्वींच तो पैसा गेलेला असतो.

वर्षांतील या अडलेल्या चार-पांच महिन्यांवरच खेड्यांतील सारा सावकारी व्यवहार उभा राहिलेला आहे. सावकाराचें रूप काळाप्रमाणें बदललें. पूर्वीं तो पेढीवर बसे. पुढें अडत्या व बी-खताचा दुकानदार यांनीं त्याची जागा घेतली. अलीकडे बायकांचे गट करून आठवड्याला किंवा महिन्याला हप्ता गोळा करणाऱ्या कंपन्यांचे वसुलीदार मोटारसायकलवरून गांवांत येऊं लागले. यांतलें सर्वांत कठोर रूप म्हणजे ऊसतोडीची उचल. या डोंगराळ तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबें दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड पाठीवर घेऊन पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील साखर कारखान्यांकडे जातात. नवराबायकोच्या जोडीस तेथें 'कोयता' म्हणतात, आणि त्या कोयत्याच्या नांवावर मुकादम पावसाळ्यांतच आगाऊ रक्कम देतो. ती रक्कम पेरणीला, आजाराला किंवा मुलीच्या लग्नाला जाते, आणि पुढें पांच-सहा महिने ऊस तोडून ती फेडावी लागते. फिटली नाहीं तर बाकी पुढल्या सालावर जाते आणि तोच मुकादम पुन्हां दारीं येतो. उचल म्हणजेहि रोख पैसाच. पण माणसाचे हातपाय आगाऊ विकत घेऊन दिलेला. सरकारी मदतीचें मोल ठरवितांना हें शेजारचें माप डोळ्यांपुढें ठेवलें पाहिजे. मुकादमाकडून चार पैसे कमी उचलावे लागले, तरी तेवढ्यापुरतें तें कुटुंब मोकळें झालें असें समजावें.

अडलेल्या गरिबाला मदत कशी करावी, याविषयीं महाराष्ट्रानें पूर्वीं एक मोठा प्रयोग केलेला आहे. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. १९७२ च्या दुष्काळांत ती राज्यभर विस्तारली, १९७७ सालीं तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. जो काम मागेल त्याला काम आणि कामाचा दाम, हें तिचें सूत्र. शहरांतील श्रोत्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. आपल्या पगारांतून जो व्यवसाय कर कापला जातो, तो १९७५ च्या कायद्यानें याच योजनेच्या खर्चासाठीं बसविण्यांत आला. मराठवाड्यांतील पाझर तलाव, नालाबंडिंग व कच्चे रस्ते यांत मुंबई-पुण्याच्या कारकुनाच्या पगाराचाहि थोडा वांटा आहे! या पद्धतीचा गुण असा कीं खरा गरजू तोच उन्हांत माती खणावयास येतो. निराळी पारख करावी लागत नाहीं, आणि पैशाबरोबर तलावहि मागें राहतो. तिची मर्यादाहि उघड आहे. म्हातारी बाई, बाळंतीण, आजारी माणूस यांना फावडें उचलवत नाहीं. आणि ज्या जून-जुलैमध्यें पैशाची ओढ सर्वांत जास्त, त्याच वेळीं स्वतःच्या शेतांत हात हवे असतात.

दुसरी पद्धत म्हणजे काम किंवा वस्तु मध्यें न आणतां पैसाच खात्यांत जमा करणें. यासाठीं तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या. २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या आदिवासी गांवीं देशांतले पहिले आधार क्रमांक देण्यांत आले. १ जानेवारी २०१३ पासून केंद्र सरकारनें निवडक जिल्ह्यांत लाभाची रक्कम थेट खात्यांत भरण्यास आरंभ केला. आणि २८ ऑगस्ट २०१४ रोजीं जनधन योजना सुरू होऊन, ज्यांनीं बँकेची पायरी कधीं चढली नव्हती अशांचीं खातीं उघडलीं. क्रमांक, खातें आणि दोहोंची जोडणी, या त्रिकुटावर आजची सारी व्यवस्था चालते. पूर्वीं मदत तहसील कचेरींतून, तलाठ्याच्या हातून, कधीं पुढाऱ्याच्या उपस्थितींत मिळे. तींतला थोडा भाग वाटेंत झिरपे आणि उरलेल्याबरोबर उपकाराचें ओझें येई. खात्यांत जमा झालेल्या रकमेला निदान हात जोडावे लागत नाहींत, आणि हा मोठा फरक आहे.

आतां एका कुटुंबाचा हिशेब कागदावर मांडून पाहूं. मुखेड किंवा जळकोट तालुक्यांतील पांच माणसांचें घर घ्या: नवरा, बायको, दोन मुलें आणि म्हातारी आई. जमीन दोन एकर, कोरडवाहू, नवऱ्याच्या नांवावर. प्रधानमंत्री किसान सन्मान निधि ही योजना २४ फेब्रुवारी २०१९ रोजीं सुरू झाली. तिच्याखालीं दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांनीं वर्षाला ६,००० रुपये ठरले. राज्य सरकारनें २०२३ सालीं नमो शेतकरी महासन्मान निधि या नांवानें तितकीच भर घातली. हे झाले १२,००० रुपये. २०२४ च्या जुलैपासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेखालीं, अडीच लाखांच्या आंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील २१ ते ६५ वर्षांच्या स्त्रीस दरमहा १,५०० रुपये ठरले, वर्षाचे १८,०००. दोहोंची बेरीज ३०,०००, म्हणजे महिन्याला अडीच हजार. म्हातारीला श्रावणबाळ योजनेचें वेतन मंजूर झालें असेल तर तें निराळें.

महिन्याला अडीच हजार ही रक्कम शहरांत एका संध्याकाळच्या हॉटेलांत संपते. पण खुरपणीला जाणाऱ्या बाईचा रोज अडीचशें रुपये धरला, तर ही तिची दहा दिवसांची मजुरी झाली, आणि तीहि ज्या महिन्यांत कामच नसतें अशा महिन्यांत. या रकमेनें कोणी श्रीमंत होत नाहीं. तिनें जें घडतें तें लहान असतें, आणि लहान असल्यामुळेंच तें दुरून दिसत नाहीं. उधारीवर किराणा नेणाऱ्या गिऱ्हाइकाला भाव विचारतां येत नाहीं. रोख देणाऱ्याला विचारतां येतो. पोराला ताप आला तर मजुरी मिळेपर्यंत दोन दिवस वाट पाहण्याऐवजीं त्याच दिवशीं तालुक्याच्या दवाखान्यांत जातां येतें, आणि वेळेवर गेल्यानें पुढला मोठा खर्च टळतो. पेरणीच्या तोंडावर खात्यांत हप्ता पडला असेल तर बियाण्याची निदान एक पिशवी उधारीशिवाय येते. शेळी विकून नड भागविणाऱ्या घरांत शेळी राहते, आणि शेळी राहिली तर करडें होतात. गरिबाची दैना मोठ्या संकटानें जेवढी होते, तेवढीच ती लहान नडीपायीं चांगली वस्तु वाईट भावानें विकावी लागल्यानें होत असते. हातीं थोडें रोख असणें म्हणजे त्या वाईट सौद्याला नाहीं म्हणण्याची सोय असणें.

यांत पैसा कोणाच्या खात्यांत पडतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे. २०२४ पर्यंत खेड्यांतल्या लाखो स्त्रियांचीं जनधन खातीं होतीं, पण त्यांतलीं पुष्कळ कोरडीं होतीं. दरमहा रक्कम येऊं लागली तशी बँकेच्या प्रतिनिधीकडे अंगठा देऊन पैसे काढणाऱ्या बायकांची रांग दिसूं लागली. माहेरीं जाण्याचें भाडें, मुलीची वही, स्वतःचें औषध यांसाठीं नवऱ्यापुढें हात पसरावा लागला नाहीं, तर घरांतील बोलण्याचा सूर थोडा बदलतो. सर्वच घरांत बदलतो असें मी म्हणत नाहीं. कांहीं घरांत बाईच्या हातचा पैसा त्याच संध्याकाळीं नवऱ्याच्या हातीं जातो. तरीहि तो प्रथम तिच्या नांवानें आला, ही गोष्ट घरांतल्या सर्वांना ठाऊक असते.

परंतु याच हिशेबांत एक विसंगति दडलेली आहे. तीच दोन एकर जमीन बायकोच्या नांवावर असती तर काय झालें असतें? शेतकरी म्हणून तिला वर्षाचे १२,००० मिळाले असते; आणि दुसऱ्या योजनांतून महिना हजार रुपये मिळतात म्हणून, नियमाप्रमाणें, बहिणीच्या योजनेंतून तिला केवळ वरचे ५०० मिळाले असते. वर्षाची बेरीज १८,०००. म्हणजे ज्या घरानें जमीन बाईच्या नांवावर करण्याचा शहाणपणा केला, तें घर वर्षाला १२,००० रुपयांनीं मागें राहिलें! १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालविली आणि हजारों शेतकऱ्यांनीं आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नांवावर केला. त्या चांगल्या कृत्याला आजचा नियम दंड करतो, हें नियम करणाऱ्यांच्या ध्यानांत यावयास हवें.

पैसा फुकट मिळाला कीं लोक आळशी होतात आणि पुरुष दारू पितात, हा आक्षेप शहरांतील दिवाणखान्यांत हमखास ऐकूं येतो. हा प्रश्न अनुमानावर सोडण्याची आतां गरज नाहीं, कारण तो अनेक देशांत तपासून पाहिला गेला आहे. अभिजित बॅनर्जी व त्यांचे सहकारी यांनीं सहा देशांतील सात योजनांची छाननी केली. रोख मदतीमुळें लोकांनीं काम कमी केलें असें त्यांना पद्धतशीरपणें कोठेंहि आढळलें नाहीं. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनीं २०१४ सालीं अशाच अनेक पाहण्या एकत्र केल्या. दारू व तंबाखू यांवरील खर्च सर्वसाधारणपणें वाढला नाहीं असा त्यांचा निष्कर्ष आहे. आपल्या शेजारीं मध्य प्रदेशांत २०११ सालीं 'सेवा' या स्त्रियांच्या संघटनेनें युनिसेफच्या साह्यानें आठ खेड्यांत प्रत्येक प्रौढास दरमहा २०० व मुलास १०० रुपये, पुढें ३०० व १५०, विनाअट देऊन पाहिले. तेथें खाण्यापिण्यांत सुधारणा झाली, मुलांची शाळा सुधारली, आणि पुष्कळांनीं दुसऱ्याच्या मजुरीवर जाण्याऐवजीं स्वतःच्या शेतांत अधिक काम केलें, असें त्या अभ्यासाच्या कर्त्यांनीं नोंदविलें आहे. दारूचें व्यसन मराठवाड्यांत नाहीं असें कोणीच म्हणणार नाहीं. पण तें पगारदारांतहि आहे, आणि त्या कारणानें कोणी पगार बंद करा असें म्हणत नाहीं.

आतां दुसरा, अधिक अवघड प्रश्न: पैसा द्यावा कीं धान्य द्यावें? यासाठीं आपल्याला परदेशीं जावयास नको. शेतकरी-आत्महत्यांनीं ग्रासलेल्या चौदा जिल्ह्यांत, म्हणजे मराठवाड्यांतील आठ, अमरावती विभागांतील पांच आणि वर्धा, येथील केशरी शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून माणशीं दरमहा पांच किलो धान्य मिळत असे; गहूं दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो. २०२२ सालीं त्यासाठीं केंद्राकडून धान्य मिळेनासें झालें. तेव्हां राज्य सरकारनें २८ फेब्रुवारी २०२३ च्या निर्णयानें, त्या वर्षाच्या जानेवारीपासून, धान्याऐवजीं माणशीं दरमहा १५० रुपये खात्यांत भरण्याचें ठरविलें. पुढें २०२४ सालीं ती रक्कम १७० केली. पांच माणसांच्या घराला महिना ८५० रुपये झाले.

रोखीच्या बाजूनें बोलावयाचें तर मराठवाड्याचें खाणें ज्वारीच्या भाकरीचें आहे. रेशनवर मिळे तो गहूं व तांदूळ. हातीं पैसा असला तर घर आपल्या चवीची ज्वारी घेऊं शकतें, डाळ घेऊं शकतें, किंवा घरचें धान्य पुरेसें असलेल्या महिन्यांत तोच पैसा औषधाला लावूं शकतें. दुकानदाराचें मापांत मारणें आणि 'माल आला नाहीं' हें उत्तर, हीं दोन्हीं दुखणीं टळतात. पण धान्याच्या बाजूनेंहि बळकट मुद्दे आहेत. पांच किलो धान्य महागाईनें चार किलो होत नाहीं. रुपया मात्र दरवर्षीं बारीक होत जातो, आणि त्याला पुन्हां पूर्वीच्या अंगावर आणण्यासाठीं सरकारी निर्णयाची वाट पाहावी लागते. रेशनचें दुकान गांवांत असतें, बँक तालुक्याला असते; ८५० रुपये काढण्यासाठीं जाण्यायेण्याचें भाडें आणि एका दिवसाचा रोज बुडाला तर त्यांतलें कितीसें उरलें? शिवाय धान्य घरांत आलें कीं तें शिजतें. पैसा घरांत आला कीं त्याच्यावर दहा जणांची नजर पडते. माझें मत असें कीं जेथें बाजार जवळ आहे आणि रक्कम भावाबरोबर वाढते, तेथें रोख बरी. जेथें या दोन गोष्टी नाहींत तेथें धान्याच्या जागीं रोख देणें म्हणजे न सांगतां मदत कमी करणें होय.

रोखीच्या बाजूचें एक जुनें उदाहरण लातूर जिल्ह्यानेंच घालून दिलें आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या त्या रात्रीं, किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारें आठ हजार माणसें दगड-मातीच्या घरांखालीं गेलीं. साऱ्या महाराष्ट्राचें मन त्या दिवशीं हेलावलें. अतिशय उद्ध्वस्त झालेलीं ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. तेथील घरें बहुतांशीं सरकारनें व देणगीदार संस्थांनीं बांधून दिलीं. ज्या शेंकडों गांवांत घरें तडकलीं होतीं पण उभीं होतीं, तेथें सुमारें दोन लाख घरांच्या दुरुस्तीसाठीं मालकांनाच हप्त्याहप्त्यानें साह्य देण्यांत आलें, आणि दुरुस्ती त्यांनींच आपल्या देखरेखीखालीं करून घ्यावी असें ठरलें. या कामीं गांवोगांवच्या स्त्रिया संवाद साहाय्यक म्हणून पुढें आल्या. पुण्या-मुंबईचे अभियंते सांगत तें शेजारणीला समजावून देणें हें त्यांचें काम. बांधून दिलेल्या नव्या गांवांत रस्ते रुंद व सरळ झाले, पण पुष्कळांना शेत दूर पडलें, गोठ्याला व चुलीला जागा राहिली नाहीं. स्वतः दुरुस्त केलेल्या घरांत उणिवा असतील, परंतु तें घर घरवाल्याच्या गरजेचें राहिलें. गरिबाला आपली गरज कळते, या साध्या गोष्टीवर विश्वास ठेवून एवढें मोठें काम तेव्हां पार पडलें.

याच्या उलट बाजूचें उदाहरण नांदेडच्या पूर्व सीमेवर पाहावयास मिळतें. तेलंगण सरकारनें १० मे २०१८ रोजीं रयतु बंधु ही योजना सुरू केली: पेरणीपूर्वीं एकरीं ४,००० रुपये, वर्षांतून दोनदां, पुढल्या वर्षीं ती रक्कम ५,००० झाली. धर्माबाद, बिलोली, देगलूर या भागांतील माणसांचे सोयरे सीमेपलीकडे आहेत. एकच माती, एकच पाऊस, एकच पीक. पण पलीकडच्या मेहुण्याच्या खात्यांत पेरणीपूर्वीं पैसे पडतात आणि अलीकडचा दुकानदाराच्या दारांत उभा राहतो, हें डोळ्यांनीं दिसूं लागल्यावर कांहीं गांवांनीं आम्हांला तेलंगणांत घाला अशी मागणी केली. भाषेच्या व प्रांताच्या अभिमानापेक्षां पेरणीच्या वेळचे चार हजार रुपये माणसाला जवळचे वाटूं शकतात, हें त्यांतून महाराष्ट्राला कळलें. २०२३ सालीं मराठवाड्याचे तत्कालीन विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांनीं शेतकरी कुटुंबांची मोठी पाहणी करून, पेरणीपूर्वीं एकरीं दहा हजार रुपये द्यावे अशी शिफारस केली ती याच विचारानें.

तथापि एकराच्या मापानें पैसा वांटण्यांत एक मोठा दोष आहे. ज्याच्या नांवावर पन्नास एकर त्याला पन्नासपट; दोन एकरवाल्याला दुप्पट; आणि दुसऱ्याचें शेत बटाईनें करणाऱ्याला किंवा सालगड्याला कांहींच नाहीं. तेलंगणांत हाच आक्षेप सतत घेतला गेला. आपल्याकडील किसान सन्मान निधि एकरावर मोजला जात नाहीं हें बरें आहे. पण सातबाऱ्यावर नांव असल्याशिवाय तोहि मिळत नाहीं. खेड्यांतला सर्वांत गरीब माणूस बहुधा भूमिहीन असतो, आणि शेतकऱ्यासाठीं म्हणून दिलेला पैसा त्याच्या दारावरून पुढें निघून जातो.

रोख मदतीनें काय होत नाहीं, तेंहि सांगितलें पाहिजे. लातूरची बाजारपेठ सोयाबीनसाठीं प्रसिद्ध आहे. २०२४ च्या हंगामांत सोयाबीनचा आधारभूत भाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि प्रत्यक्ष बाजार त्याच्या बराच खालीं होता. आपल्या दोन एकरवाल्याला बारा क्विंटल माल झाला आणि क्विंटलमागें ५०० रुपयांचीच तूट आली असें धरलें, तरी ६,००० रुपये गेले. वर्षभर तीन हप्त्यांनीं मिळालेला सारा किसान सन्मान निधि एका दिवशीं अडत्याच्या काट्यावर संपला. २०२५ च्या ऑगस्टांत मुखेड तालुक्यांत आणि सप्टेंबरांत सबंध मराठवाड्यांत अतिवृष्टीनें पिकें वाहून गेलीं. कोरडवाहू पिकाच्या नुकसानीचा आपत्तिनिधीचा दर हेक्टरीं ८,५०० रुपये. त्या मापानें दोन एकरांचे ६,८०० होतात. राज्यानें ७ ऑक्टोबर २०२५ रोजीं ३१,६२८ कोटींची मदत जाहीर करून त्यांत भर घातली. पण वाहून गेलेली माती कोणत्याच खात्यांत जमा करतां येत नाहीं. पैशानें औषध आणतां येतें, गांवांत डॉक्टर आणतां येत नाहीं; वही घेतां येते, मास्तर घेतां येत नाहीं. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. त्या वेळीं घराघरांत दीड हजार रुपये वांटून विहिरींना पाणी आलें नसतें. कांहीं गोष्टी समाजानें मिळूनच कराव्या लागतात, आणि रोख मदत ही त्यांची जागा घेण्याचें निमित्त होतां कामा नये.

आणखी एक अडचण यंत्राची आहे. खुरप्यानें व कोयत्यानें झिजलेला अंगठा यंत्राला ओळखूं येत नाहीं. एकाच बाईचीं दोन खातीं असलीं तर पैसा कोणत्या खात्यांत गेला हें तिला कळत नाहीं. २०२५ च्या सप्टेंबरांत लाडकी बहीण योजनेसाठीं ओळखीची पडताळणी नव्यानें सक्तीची झाली, आणि तींत नवऱ्याचा किंवा बापाचा आधार क्रमांकहि मागण्यांत आला. जिचा नवरा वारला, बाप वारला, किंवा जिला नवऱ्यानें टाकलें, तिनें काय करावें? पुढें अशा स्त्रियांसाठीं निराळी सोय करण्यांत आली. पण जिला मदतीची गरज सर्वांत अधिक, तीच प्रथम अडली, हें विसरतां येत नाहीं. बोगस नांवें गाळलींच पाहिजेत. परंतु गाळतांना एक खोटें नांव सुटलें तर सरकारचे दीड हजार जातात, आणि एक खरें नांव गळलें तर एका घराची चूल अडते. या दोन चुका सारख्या वजनाच्या नाहींत.

या सर्वांवरून माझ्या मतें तीन कसोट्या निघतात. पहिली, मदत ठरलेल्या दिवशीं यावी. वेळीं-अवेळीं आलेले तीन हजार हे दरमहा आलेल्या दीड हजारांच्या दुपटीइतके उपयोगी पडत नाहींत, कारण मधल्या महिन्यांत कर्ज झालेलें असतें. निवडणुकीच्या वाऱ्याबरोबर वाढणारी आणि वारा पडला कीं रेंगाळणारी मदत ही मदत राहत नाहीं. तिच्यावर विसंबून कोणालाहि वर्षाचा बेत आंखतां येत नाहीं. दुसरी, ती गरजेच्या वेळीं यावी: या दोन जिल्ह्यांत ती वेळ म्हणजे मृगापूर्वीं आणि पोळ्याच्या सुमारास. तिसरी, ती महागाईबरोबर वाढावी आणि भूमिहीनापर्यंत पोंचावी. या तीन गोष्टी नसतील तर मोठमोठ्या आंकड्यांच्या घोषणेनेंहि खेड्यांतल्या घरांत फारसें कांहीं हलत नाहीं. त्या असतील तर थोड्या रकमेनेंहि मुकादमाच्या वहींतलें एखादें नांव खोडलें जाऊं शकतें.

शहरांतील श्रोत्यांना शेवटीं एवढीच विनंति आहे. आपल्या घरीं धुणेंभांडीं करावयास येणारी बाई, इमारतीचा पहारेकरी, रस्त्याच्या कामावरची जोडपीं, यांतलीं कितीतरी माणसें नांदेड-लातूरकडचीं असतात. त्यांच्या गांवीं म्हातारे आईबाप व लेंकरें असतात. सरकारी रकमेचा विषय निघाला कीं 'आमच्या कराचा पैसा' असें म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे. व्यवसाय कराच्या रूपानें तो आपण १९७५ पासून देत आलों आहों. पण त्या अधिकाराबरोबर हिशेब पाहण्याचें कर्तव्यहि येतें. पैसा कोणाला पोंचला, केव्हां पोंचला, कोण गळलें, हें विचारा. त्या बाईचें खातें अडलें असेल तर रविवारचा एक तास काढून तिचा अर्ज भरून द्या. गरिबाला पैशाचा उपयोग शिकविण्याची गरज नाहीं. तो उपयोग तो फार लहानपणीं, फार महागांत शिकलेला असतो. त्याला हवें आहे तें इतकेंच कीं त्याच्या हक्काचे पैसे वेळेवर यावे आणि ते घेतांना मान खालीं घालावी लागूं नये.